टॉवेलाखालची वजाबाकी

शाळेने माझ्या नातीला दोन वर्षं फसवलं. त्यानंतर अडीच महिने मी फसवलं. मी नकळत, शाळेने जाणूनबुजून.

मी जनावरांचा हेडी आहे. बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहून सौदा जुळवून देतो. सोनईच्या आसपासच्या बाजारात तीसेक वर्षं उभा आहे. माझी शाळा दुसरीत सुटली, अडखळत वाचण्यापुरती अक्षरं तेवढी राहिली. आई-बाप ऊस तोडायला जायचे आणि मी कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या खोपटात, धाकट्या भावाला सांभाळत बसायचो. पुढे जे काही केलं ते स्वतःच्या जिभेवर केलं. बैलाचा ओठ वर करून दात पाहिले की वय कळतं. माणसाचं बोलणं ऐकलं की खोट कळते, असा माझा समज होता.

माझी लेक पाथर्डीच्या डोंगराकडे दिली आहे. ती आणि जावई दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. त्यांची थोरली मुलगी पहिलीत जायच्या वेळी मी तिला माझ्याकडे आणली. म्हटलं, ही तरी एका जागी बसून शिकेल. दोन वर्षं ती आमच्या गावच्या शाळेत गेली. दर वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रक यायचं. त्यात अक्षर सुरेख आणि शेरे चांगले. मी ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवत होतो.

यंदा शाळा सुरू झाली, ती तिसरीत गेली, आणि महिन्याभरात जावई आला. चहा घेतला आणि बशी खाली ठेवायच्या आत बोलला.

"मामा, पोरीला औंदा आमच्यासंगं न्यावी म्हनतो."

"कशापायी?"

"धाकटीला कोन बगनार? आमी दोघं उसात गेल्यावर कोपीवर कोनीतरी पाहिजेच ना."

धाकटी तेव्हा सहा महिन्यांची होती.

"आनि हिची शाळा?" मी विचारलं.

"दोन वर्सं शाळाच केली की. आत्ता अंगनात इचारलं, सतरा अंडी हायती, आठ फुटली, किती ऱ्हायली? तर बोटं मोडीत बसली. मंग काय करायची असली शाळा?"

मी कपाटातून प्रगतिपत्रक आणून त्याच्या मांडीवर टाकलं. "सातवी शिकलाय ना? वाचा."

त्याने वाचलं. "बेरीज-वजाबाकीची उदाहरणे अचूक सोडवते." मग हसला. "मामा, कागद काय, कसं बी बोलतो."

मला राग आला. माझा राग असा की आला की मी सौदा करतो. मी म्हणालो, "दसऱ्याला या. तुमच्या तोंडानं हिसाब घाला. तिनं दिला, तर पोरगी हितंच ऱ्हाईल. धाकटीसाठी एखादी म्हातारी बाई लावून द्यायचं माझ्याकडं. न्हाई दिला, तर घिऊन जा."

"बगा बरं का, मामा."

"हात हाना."

त्याने माझ्या हातावर हात मारला. माझी बायको चुलीपाशी होती. तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "बैल इकल्यासारकी पोर लावली व्हय पैजेला?"

"पैज न्हाई ही. ती जिकनार हाय," मी म्हणालो. माझा कागदावर विश्वास होता. सही-शिक्क्याचा कागद होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाटी घेऊन पडवीत बसवली. सतरा वजा आठ घातलं. तिने सात आणि आठ पाहिले, आठातून सात काढले, एक मांडला, शेजारी दुसरा एक तसाच उतरवला आणि अकरा म्हणून पाटी माझ्यापुढे धरली. मोठ्यातून लहान काढायचा एवढंच तिला ठाऊक होतं. वर कोणता आणि खाली कोणता, याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मी आणखी पाच गणितं घातली. पाचही तशीच.

शेजारच्या घरी तिच्याच वर्गातली एक मुलगी आहे. मी तिचं प्रगतिपत्रक मागून आणलं. त्यात तेच वाक्य होतं. पलीकडच्या आळीतल्या एका पोराचं आणलं. तेच वाक्य. त्या पोराला तर दहापर्यंत अंक ओळखता येत नव्हते.

तिन्ही कागद घेऊन मी शाळेत गेलो. गुरुजी तरुण आहे, बोलायला नम्र आहे. चार वर्ग दोन खोल्यांत, शिक्षक दोन, आणि त्यातल्या एका खोलीत तो मोबाईलवर कसली तरी माहिती भरत होता. पोरं आपापली दंगा करत होती.

"हे तुमी लिवलं?"

"हो, आबा."

"तिन्ही पोरांना येकच कसं?"

"नोंदींचे नमुने छापील मिळतात, आबा. त्यातून उतरवायच्या असतात. सगळीकडं असंच चालतं."

"पन तिला येत न्हाई."

त्याने मोबाईल बाजूला ठेवला. "येत नाही असं लिहिलं तर का येत नाही, ते मलाच वर सांगावं लागतं. मग त्याचा वेगळा अहवाल. मग उपचारात्मक वर्गाचे फोटो."

"मंग शिकवा की तिला!"

"शिकवतो ना, आबा. तुम्हीही घरी थोडं घ्या तिचं. पालकांचा सहभाग लागतो."

मी तिथे जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माझी नात खिडकीजवळ बसली होती आणि तिने मान खाली घातली ती मी निघेपर्यंत वर केली नाही.

घरी मी शिकवायला बसलो. रोज सकाळी धारा काढून झाल्या की पाटी. मला शिकवता येत नाही हे मला चार दिवसांत कळायला हवं होतं. मी एकदा सांगायचो, दुसऱ्यांदा सांगायचो, तिसऱ्यांदा आवाज चढायचा. बाजारात आवाज चढवला की समोरचा खाली येतो. पोर खाली येत नाही, आत जाते. आठव्या की नवव्या दिवशी तिने पुन्हा मोठ्यातून लहान काढला आणि मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. बसल्या जागी तिचा परकर ओला झाला आणि तो ओघळ पाटीपर्यंत आला.

बायकोने पाटी उचलली आणि गोठ्याच्या आढ्यावर नेऊन खोचली. "परत खाली काडली तर मी ह्या घरात न्हाई," म्हणाली.

त्या दिवसापासून नात माझ्याशी बोलेनाशी झाली. मी पडवीत आलो की ती उठून आत जायची. दसऱ्याला अडीच महिने राहिले होते.

पुढच्या बाजाराला शाळेला सुटी होती. मी तिला गाडीवर पुढे बसवून नेली. तिच्याशी गोडीने वागायचं दुसरं काही मला सुचलं नाही. पेंडीच्या पोत्यावर ती बसून राहिली आणि मी सौदे करत होतो. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. चार लोक ऐकतात, मधे तोंड घालतात. हेडी आपल्या हातावर टॉवेल टाकतो, घेणारा टॉवेलाखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. जितकी बोटं धरली तितका आकडा. पाचाच्या पुढे जायचं तर पूर्ण पंजा दाबायचा, सोडायचा आणि उरलेली बोटं धरायची. वरून पाहणाऱ्याला दोन माणसं गप्प उभी दिसतात.

परत येताना गाडीवर ती इतक्या दिवसांनी बोलली. "आबा, तुमी टावेलाखाली काय करता?"

"हिसाब."

"मला दावा."

दुसऱ्या दिवशी पडवीत मी टॉवेल टाकला. तिचा हात माझ्या हातात आला. खरबरीत, नखं चावलेला हात. मी सांगितलं, आपल्या सात शेळ्या हायती, तीन चरायला गेल्या. सात दाबून दाखवले, तीन सोडले. माझ्या पंजातली तिने हळूच चार बोटं धरली.

मला नंतर कळलं, टॉवेलाखाली तिला माझं तोंड बघावं लागत नव्हतं. ती टॉवेलाकडे पाहायची. माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय याच्याशी तिचा संबंध राहिला नव्हता. चुकली तर मी फक्त तिची बोटं सोडून पुन्हा धरायचो. हाताने ओरडता येत नाही.

ती भरभर शिकली. आठवड्याभरात दहाच्या आतलं सगळं आलं. मग गोठ्यातल्या शेळ्या-करडं धरून अठरापर्यंत गेलो. ते आम्ही खरी जनावरं बाहेर काढून, आत घालून केलं. सतरातून आठ गेले की नऊ, हे तिने शेळ्या मोजून पाहिलं आणि मग माझ्या हातात दाबलं. त्या दिवशी ती माझ्याकडे पाहून हसली.

पुढे मोठे आकडे आले. एवढी जनावरं घरात नाहीत. मी नुसतं तोंडाने बोलायचो आणि हाताने दाबायचो. चाळीस शेळ्यांचा कळप, चार बोटं. त्यातल्या दहा इकल्या, एक बोट. किती? ती तीन बोटं धरायची आणि मी म्हणायचो, तीस! बरोबर! पन्नासात वीस आल्या, किती? पंजा आणि दोन. सत्तर! बरोबर! मी "बरोबर" म्हणालो की ती टॉवेलाखालीच माझं बोट जोरात पिळायची. तो आमचा खेळ झाला होता.

बाजारात मी सांगत सुटलो. दुसरे हेडी मला चिडवायचे. "आता काय, नात उभी राहनार बाजारात! आमी घरी बसतो मंग."

"तुमच्यापेक्षा बरी उभी राहील," मी म्हणायचो.

बायको एकदाच म्हणाली, "तोंडानं बोलायला लाव की तिला. सारखं हात दाबीत बसता."

"येतंय ना तिला? मंग गप ऱ्हा."

पाटी आढ्यावरच होती. मी ती काढली नाही.

दसऱ्याला जावई आला, लेक आली, धाकटी आली. पुरणपोळी झाली. जावई पान चघळत पडवीत टेकला आणि म्हणाला, "घ्या मामा, काडा तुमचा बैल बाहेर."

नात येऊन उभी राहिली. नवा फ्रॉक घातला होता. तिला भीती नव्हती, हे मी पाहत होतो.

"सतरा अंडी. आठ फुटली. किती?"

"नऊ."

जावयाने मान हलवली. त्याला खरंच बरं वाटलं असावं. तोही तिचा बापच आहे. "लई झ्याक. आता बग. साठ मोळ्या बांधल्या उसाच्या. दोन खाली पडल्या. किती ऱ्हायल्या?"

ती थांबलीसुद्धा नाही. "चार."

"किती?"

"चार."

"साठातल्या दोन गेल्या तर चार ऱ्हातात?"

"व्हय."

"आनि साठात दोन आल्या तर?"

"आठ," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी "बरोबर" म्हणेन याची वाट पाहत होती.

मी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तिचा हात त्याखाली घेतला. "सहा दाव," म्हणालो. तिने माझा पंजा दाबला, सोडला, एक बोट धरलं. "साठ दाव." पंजा दाबला, सोडला, एक बोट धरलं. तीच पकड. तेवढाच दाब.

आमच्या धंद्यात एक बोट म्हणजे हजार की दहा हजार, हे कोणी सांगत नाही. समोर उभं असलेलं जनावर सांगतं. शेळीसाठी कोणी एका बोटाने लाख म्हणत नाही. शून्यं ज्याची त्याने डोक्यात लावायची असतात, आणि शून्यासाठी आमच्याकडे बोट नाही. ती तीन दाबायची आणि तीस मी ऐकायचो. तिने तीस कधी म्हटलंच नव्हतं. अडीच महिने तिच्या प्रत्येक उत्तराला शून्य मी जोडत होतो आणि स्वतःच बरोबर म्हणत होतो.

"साट म्हंजी किती गं?" मी विचारलं.

"सहा."

"मंग सहा म्हंजी?"

ती गोंधळली. "आबा, तुमीच असं दावलं हुतं."

जावई काही वाईट बोलला नाही. मी म्हणालो, एक महिना द्या. माझी चूक हाय, तिची न्हाई, महिन्यात सुदारतो. तो म्हणाला, "मामा, गाडी परवा हाय. टोळीत नावं दिल्यात. आनि हातावर हात तुमीच मारायला लावला."

मी तीस वर्षं लोकांना हेच ऐकवत आलो आहे. बाजारात हात मारला की फिरायचं नाही. फिरणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी उभा करत नाही. मी तिथे फिरायला पाहिजे होतं. पायावर डोकं ठेवायला पाहिजे होतं. मी फिरलो नाही.

मग लेकीकडे पाहिलं. ती धाकटीला पाजत होती. पदर सारखा करत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. धाकटीला बगायला बेरीज लागत न्हाई."

दोन दिवसांनी आम्ही तिला पाथर्डीच्या रस्त्यावर पोचवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्यांची खुराडी आणि त्यावर माणसं. नात वर चढून बसली आणि लेकीने धाकटीला तिच्या मांडीवर दिली. दोन्ही हात लागत होते तिला धाकटीला धरायला, म्हणून तिने आम्हाला हात केला नाही.

दिवाळीनंतर एकदा फोन लागला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "साठातल्या दोन गेल्या तर?" मग ती म्हणाली, "आबा, धाकटी रडतीया," आणि फोन ठेवला.

कोणीतरी सांगितलं की बाहेरगावी गेलेल्या पोरांना शाळा एक पत्रक देते. ते दाखवलं की तिकडच्या कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. अर्धा दिवस बसली तरी चालेल, मी म्हटलं. धाकटीला मांडीवर घेऊन बसली तरी चालेल. मी ते पत्रक आणायला शाळेत गेलो. या वेळी भांडायचं नाही असं घरून ठरवून निघालो होतो.

गुरुजीने खुर्ची दिली. पत्रक मागितल्यावर तो गडबडला. "आबा, ते आता नाही देता यायचं."

"का?"

"ती पटावर हजर आहे."

"हजर कुठली? दसऱ्याला गेली."

मी टेबलावरचा हजेरीचा पट ओढून घेतला. मला तेवढं वाचता येतं. तिच्या नावापुढे दसऱ्यानंतर शाळा भरलेल्या सगळ्या दिवसांची हजेरी होती. ट्रॉली गेली त्या दिवसाचीही होती. शेवटच्या रकान्यापर्यंत एकसारखी, सुरेख.

"पट कमी झाला तर एक शिक्षक उचलतात, आबा," तो हळू आवाजात म्हणाला. "मग राहिलेल्या पोरांचं काय? मी एकटा चार वर्ग घेऊ? आणि ती गेली असं दाखवलं तर शाळाबाह्य धरतात. तिचा शोध का नाही घेतला म्हणून मलाच विचारतात."

"मंग आता गेली म्हनून लिवा. आजपासून."

"मागची हजेरी खोडता येत नाही. वर गेलेली आहे."

त्याच्यापुढे पहिल्या सत्राची नोंदवही होती. मी तीही उघडली. माझ्या नातीच्या नावाखाली लिहिलं होतं, "तीन अंकी संख्यांची वजाबाकी हातच्यासह अचूक करते." खाली त्याची सही. त्याखाली तपासायला आलेल्या साहेबाची सही आणि गोल शिक्का.

मी ओरडलो नाही. ती सहा आणि साठ एकच समजते, आणि ते मी शिकवलं. एवढं मी त्या गुरुजीसमोर बोललो, वर्गातल्या पोरांसमोर बोललो, आता इथे लिहून दिलं आहे. माझ्या अंगावर आहे ते मी झाकत नाही.

पण जिचं बोट मी चुकीचं धरलं, ती मुलगी त्या पटात रोज बाकावर बसलेली आहे, म्हणून तिला दुसऱ्या कुठल्या बाकावर बसता येत नाही. गुरुजी म्हणतो वर विचारा. वर गेलो तर तिथला बाबू म्हणतो शाळेत विचारा. मी आता कुठे जाणार नाही. ज्याने तिच्या नावापुढे हजेरी लावली त्याने, आणि ज्याने त्याखाली सही केली त्यानेही, माझ्या पडवीत येऊन बसावं. तो पट बरोबर आणावा. ट्रॉली निघाली त्या दिवसावर बोट ठेवावं आणि मला, तिच्या आजीला आणि फोनवर तिला सांगावं, की त्या दिवशी वर्गात बसून तिने कोणती वजाबाकी केली.